सुट्टी शाळेची, रजा मात्र आईचीच

"मावशी, मी मुलुंडला राहते. दादरला एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर आहे. मुलगी सातवीत, सीबीएसईच्या शाळेत. मुलगा तिसरीत, घराजवळच्या स्टेट बोर्डाच्या शाळेत. त्याच्या वेळी दुसरी मोठी फी झेपली नसती. दोघांच्या सुट्ट्या कधी जुळतच नाहीत. पाऊस, निवडणूक, शिक्षकांचं प्रशिक्षण, काही ना काही चालूच. माझ्या सीएल गणपतीच्या आधीच संपल्या. सासूबाई साताऱ्याकडे गावी असतात, गुडघ्यांमुळे त्यांना आमचे तीन जिने चढवत नाहीत. हे म्हणतात, 'एवढी ओढाताण होतेय तर सोड नोकरी.' त्यात मुलगा वजाबाकीत मागे पडलाय, असं बाईंनी कळवलंय. अगदीच नाइलाज झाला की मुलीला भावासाठी घरी ठेवते आणि तिच्या डायरीत 'ताप होता' असं लिहून सही करते. काय करू? सोडू का नोकरी?"

— एक वाचक, मुलुंड

बाई गं, नोकरी सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझ्या पत्रात सगळ्यात कमी शाई खर्च झालीय ती मुलीच्या तापावर, आणि मला लागलं तेच. धाकट्याच्या शाळेला सुट्टी पडली म्हणून थोरलीची शाळा बुडते. ती तक्रार करत नसेल. या वयाच्या मुली करत नाहीत. उलट "आई, मी थांबते ना" असं आपणहून म्हणतात आणि आपल्याला ते समजूतदारपणाचं वाटतं. पण त्या दिवशी तिच्या वर्गात बीजगणितातलं काहीतरी नवं सुरू झालेलं असतं. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास शिकवणं ठरवून दिलंय. तिची शाळा ते भरतही असेल. तिचे मात्र गळताहेत, आणि डायरीत ताप लिहिल्यामुळे ते का गळताहेत हे शाळेला कळायचा मार्गच बंद झालाय. शिवाय आई सहीनिशी खोटं लिहिते हे ती बघते. तेव्हा ताप बंद कर. नाइलाजाने ठेवावंच लागलं तर खरं कारण लिही: "लहान भावाच्या शाळेला अचानक सुट्टी, घरी कोणी नाही." लिहिताना लाज वाटेल. वाटू दे. असं कारण दोन-तीनदा गेलं की वर्गशिक्षिका स्वतःहून फोन करतील.

आता ह्यांच्याकडे वळू. "सोड नोकरी" हे फार स्वस्तात दिलेलं उत्तर आहे. वर्षातले अडचणीचे दिवस मोजलेस तर किती भरतील? पंधरा, वीस, फार तर पंचवीस. तेवढ्यासाठी बारा महिन्यांचा पगार, पीएफ आणि काउंटरवरची तुझी जागा सोडायची? ह्यांच्या ऑफिसात सीएल नावाची गोष्टच नाही का? तुझ्या रजा संपल्याचं तू लिहिलंस. त्यांच्या किती उरल्यात हे पत्रात कुठेच नाही. बहुधा तू विचारलेलंच नाहीस.

तर विचार, पण भांडणाच्या सुरात नको. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर दोन्ही शाळांच्या सुट्ट्यांची यादी आणि भिंतीवरचं कालनिर्णय टेबलावर ठेव. एका रंगाने मुलीच्या सुट्ट्या, दुसऱ्याने मुलाच्या. तुझ्या लक्षात येईल की बऱ्याचशा सुट्ट्या अचानक आलेल्या नाहीत, त्या जूनपासून कागदावर होत्या. त्याच्या शाळेला गणपतीचे पाच दिवस, तिच्या शाळेला जेमतेम दोन. दिवाळीची सुट्टी वेगळ्या तारखांना. त्याची उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते तेव्हा तिचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊन महिनाभर शाळा झालेली. हे सगळं आधी दिसतं, म्हणून आधी वाटूनही घेता येतं. ज्या दिवशी ह्यांची पाळी, त्या दिवसावर ह्यांचं नाव लिही. शाईने.

खरी पंचाईत उरलेल्या दिवसांची. 2025 च्या 18 ऑगस्टला मुंबईत दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली तेव्हा सकाळच्या सत्राची मुलं वर्गात बसलेली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्याच शाळा बंद. त्याच वर्षी राज्यातल्या पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा थेट 25 एप्रिलपर्यंत नेल्या, आणि फेब्रुवारीतच कोकणची तिकिटं काढून बसलेल्या घरांची त्रेधा उडाली. परीक्षा उशिरा घेण्यामागचं म्हणणं मला समजतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर वर्गात शिकवणं थांबतं हे खरंच आहे. पण ते जूनमध्ये सांगता आलं असतं. तिसरी-चौथीच्या वेळेचंही तेच. 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायचे असं सरकारने ठरवलं. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू, तो मला मनापासून पटतो. पण सातला मुलाला गेटवर सोडून आठची लोकल धरणाऱ्या आईचं काय, हे कोणाच्या मनातही आलं नसेल.

शिक्षकांवर मात्र राग काढू नकोस. निवडणूक, जनगणना, आपत्ती यांसाठी त्यांना कामाला लावायची मुभा कायद्यानेच दिलीय. मतदार यादी घेऊन जिने चढणाऱ्या बाईही कोणाच्या तरी आई असतात, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी पेट्या घेऊन केंद्रावर मुक्कामाला जाताना त्यांच्याही घरी हाच प्रश्न असतो.

या अचानकच्या दिवसांसाठी तुझ्या इमारतीतच माणसं शोध. तुझ्या मुलाच्या वर्गातली आणखी तीन-चार मुलं आसपास राहत असणारच, आणि त्यांच्या आयांचीही रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर हीच धावपळ चालते. तळमजल्यावरच्या एखाद्या काकूंशी किंवा रिकाम्या वेळेत शिकवण्या घेणाऱ्या मुलीशी बोलून ठरवा: सुट्टीचा निरोप आला की मुलं त्यांच्याकडे, डबा घरचा, दिवसाचे ठरलेले पैसे. पैसे द्या. फुकटातली मदत दोनदा मिळते, तिसऱ्यांदा त्या घरी पाहुणे येतात. आणि शाळेच्या व्हॅनवाल्या काकांकडे, तसंच शाळेच्या ऑफिसात, मुलाला कोण कोण घेऊन जाऊ शकतं त्यांची नावं आणि नंबर लेखी दे. अर्ध्या दिवसातून शाळा सुटते तेव्हा सगळा गोंधळ तिथे होतो. तू कुर्ल्याजवळ लोकलमध्ये अडकलेली, फोनला रेंज नाही, आणि तिसरीतलं पोर छत्री घेऊन गेटपाशी.

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेला जा. रजा नाही म्हणशील, तर ह्यांना पाठव. मागायचं एवढंच: अचानक शाळा सुटली तर शेवटचं मूल नेलं जाईपर्यंत एक वर्ग उघडा आणि एक शिक्षक हजर, पावसाच्या सुट्टीच्या बदल्यात शनिवारी शाळा भरणार असेल तर आठवडाभर आधी कळवणं. शनिवार भरवू नका असं म्हणू नकोस. पहिली ते पाचवीलाही 200 दिवस आणि 800 तास भरायचे असतात, ते कुठून तरी भरणारच.

बँकेतही एकदा बोल. कॅशवरून ऐनवेळी उठता येत नाही हे मला कळतं, पण पावसाळ्याचे तीन महिने सकाळी तासभर उशीर चालेल अशी पाळी कोणाशी बदलता येते का? मॅनेजरकडे सुट्टीच्या सकाळी रडवेला फोन करण्यापेक्षा मे महिन्यात शांतपणे विचारलेलं जास्त चालतं.

आता वजाबाकी. मुलगा मठ्ठ नाही. बघ काय होत असेल: सोमवारी बाईंनी 52 वजा 27 करून दाखवलं, पाचातला एक दशक सुटा केला, दोनाचे बारा झाले. त्याला कळलं. मंगळवारी पावसाची सुट्टी. बुधवारी बाई प्रशिक्षणाला, दोन वर्ग एकत्र बसवलेले. गुरुवारी पोर्शन मागे राहिला म्हणून तीन अंकी उदाहरणं सुरू. सोमवारी कळलेलं पक्कं व्हायला जो मंगळवार-बुधवार लागतो, तो त्याला मिळालाच नाही. म्हणून आता तो सातातून दोन वजा करून मोकळा होतो आणि उत्तर 35 लिहितो. दिवाळीच्या सलग सुट्टीने लहान मुलांचं जेवढं नुकसान होत नाही तेवढं अशा तुकड्या-तुकड्यांच्या आठवड्याने होतं, असं माझं मत आहे.

सुट्टीच्या दिवशी ग्रुपवर येणाऱ्या वीस गणितांच्या वर्कशीटच्या मागे लागू नकोस. फोन तुझ्याबरोबर दादरला आणि लिंक घरच्या मुलासाठी, हा विनोद आपण पुष्कळ सहन केला. रात्री जेवणानंतर पाचच वजाबाक्या, त्याही दहाच्या नोटा आणि सुटी नाणी समोर ठेवून. दहाची नोट मोडून दहा रुपये करायचे आणि मग द्यायचे. तुझं दिवसभराचं काम हेच, तुझ्याइतकं चांगलं त्याला कोण शिकवणार? बाईंनाही सांग, पुढच्या आठवड्यात एकदा पुन्हा घ्या. वर्गात मागे पडलेला तो एकटा नसणार.

सासूबाईंना पावसाळ्यात घाईने बोलावू नकोस. साताऱ्याहून येऊन तीन जिने चढून त्या घरात बसतात तोवर सुट्टी संपते. त्यांना मुलाला उन्हाळ्याची सुट्टी लागली की आण, त्याची सुट्टी आणि मुलीची शाळा एकत्र चालू असते त्या दिवसांसाठी. तारखा आत्ताच ठरव आणि गाडी करून न्यायला ह्यांनाच पाठव. त्या दिवशीची रजाही त्यांच्याच खात्यातली.

— मावशी