अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१–६५) गुलामगिरीमुळे झालं की राज्यांच्या हक्कांमुळे?

गुलामगिरीमुळे. 'राज्यांचे हक्क' हे कारण पुढे फार वेळा सांगितलं गेलं, पण हक्क कसला हवा होता? माणसं मालमत्ता म्हणून बाळगण्याचा. मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्याने संघराज्यातून फुटताना काढलेल्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच गुलामगिरीचं नाव घेतलंय. ते वाचल्यावर वादाला जागा उरत नाही. दक्षिणेत तेव्हा सुमारे ४० लाख माणसं गुलामीत होती आणि तिथलं कापसाचं सगळं अर्थकारण त्यांच्या श्रमांवर उभं होतं. पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, ही लिंकन यांची भूमिका. नोव्हेंबर १८६० मध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि डिसेंबरातच दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना राज्य संघराज्यातून बाहेर पडलं. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने फोर्ट सम्टर या संघराज्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध सुरू झालं.

रेल्वे, तारायंत्र आणि चिलखती जहाजं यांच्या जोरावर लढलेल्या या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले, त्यातले बरेचसे रोगराईने. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. पण युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं उत्तरेचं सैन्य १८७७ मध्ये माघारी गेलं आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढे जवळपास हिरावला गेला. मला हा या युद्धाचा सगळ्यात दुःखद परिणाम वाटतो.

आपल्याकडेही झळ पोहोचली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाचे भाव भडकले. त्या पैशावर मुंबईत शेअरचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या.