क्लच बदलला आणि गाडी थरथरू लागली, दावा करता येईल का?

प्रश्न: भाजीपाला वाहणारा पिकअप मी स्वतः चालवतो, घर त्यावरच चालतं. दोन महिन्यांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये क्लच प्लेट बदलली. तेव्हापासून साठच्या पुढे सीटखालून गाडी थरथरते. मेकॅनिक म्हणतो, टायर बघा. लेथवाला म्हणतो, प्रॉपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला) बाक आलाय, लगेच सरळ करून देतो. वर्कशॉपवर दावा करता येईल का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर: नमस्कार. दावा करता येईल, पण तो शाफ्ट इतक्यात लेथवर चढवू नका. ठोकून सरळ केला की काय बिघडलं होतं हे दाखवणारी वस्तूच उरणार नाही.

तुमच्या गाडीत क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी शाफ्ट खोलावा लागतो. परत बसवताना खुणा जुळवल्या नाहीत, सरकत्या जॉइंटचे दात दोन घरं पुढेमागे बसले, तर दोन्ही टोकांचे क्रॉस (वळणारे सांधे) एका रेषेत राहत नाहीत. मग शाफ्ट सरळ असूनही गाडी थरथरते. शाफ्टवर चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन निखळलं किंवा शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग खराब झालं तरी तेच. म्हणजे लेथवाल्याचं निदान चुकलेलंही असू शकतं. बाक खरंच निघाला, तर समोरचा वकील पहिल्यांदा विचारेल, 'दगडावर घासला नाही कशावरून?' म्हणून गाडीखालचे फोटो आजच काढा: खुणा, पोचे, वजनांच्या जागा.

टायरच्या मुद्द्यावर एक साधी चाचणी आहे. थरथर होते त्याच वेगात गिअर बदलून बघा. थरथर तशीच राहिली तर इंजिन-क्लच बाजूला पडतात. उरतात शाफ्ट आणि चाकं. चाकांचं बॅलन्सिंग करून त्याची पावती ठेवा. तरीही थरथर राहिली, तर मेकॅनिकचं उत्तर त्या पावतीनेच खोडलं जातं.

आता वर्कशॉपला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: अमुक तारखेला तपासणी आहे, हजर राहा. ते आले नाहीत तरी त्रयस्थ ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून डायल गेजने (बारीक वाकडेपणा मोजणाऱ्या उपकरणाने) शाफ्ट मोजून घ्या. 'वाकडा वाटतो' असा अहवाल ग्राहक आयोगापुढे टिकत नाही. दोन्ही टोकांना आणि मध्यभागी किती आउट आहे तो आकडा आणि शेजारी कंपनीची मर्यादा हवी. नंतर खुशाल दुरुस्ती करा. धंदा महिनोन्‌महिने बंद ठेवा असं मी सांगणार नाही. तोवर मात्र माल भरून वेगात पळवू नका; क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर आदळला तर जीव जाईल.

'गाडी व्यवसायाची, तुम्ही ग्राहक नाही' असं ते म्हणतील. घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) मध्ये स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठीचा वापर व्यापारी हेतूतून वगळलाय, आणि स्वतः ट्रक चालवणारा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच म्हटलंय. तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात, तुम्ही राहता तिथेच. तुम्ही वर्कशॉपला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं.

जॉब कार्ड, क्लचचं बिल जपा. काढलेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या, तारीख लिहून पोत्यात बांधून घरी ठेवा.