कर्तेपण कुणाकडे?

प्रश्न : यजमान पंधरा दिवस आयसीयूत आहेत. औषधं, बिलं, मुलांचे पेपर, सगळं मीच बघते. पहाटे अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं करते, पण कान फोनकडे असतात. खजरान्याच्या गणपतीला नवसही बोलले आहे. आतेसासूबाई म्हणतात, "देवावर सोड." म्हणजे मी नेमकं काय सोडायचं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, काम सोडायचं नाही, निकालाची काळजी सोडायची. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान (म्हणजे शरीर), कर्ता, करणं (म्हणजे इंद्रियं, साधनं), वेगवेगळ्या क्रिया आणि पाचवं दैव. पुढे लगेच म्हटलंय, 'केवळ' स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला खरं दिसत नाही. आता अथर्वशीर्ष आठवा: 'त्वमेव केवलं कर्तासि'. तोच शब्द, पण तिथे तो देवासाठी आहे. म्हणून सध्या २१ नकोत. एकच आवर्तन सावकाश करा आणि या ओळीवर थांबा.

रात्री कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे उद्या तुमच्या हातात आहे तेवढंच: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, विम्याचे कागद, धाकट्याचा डबा. उजवीकडे: ताप उतरेल का, आणखी किती दिवस. उजवा भाग फाडून देव्हाऱ्यात ताम्हनाखाली ठेवा. सकाळी तो पुन्हा काढून वाचू नका. बहुतेकांचं तिथेच बिनसतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर ते डावीकडेच लिहा. अवघड वाटतं म्हणून उजवीकडे ढकललं, की भरवशाच्या नावाखाली टाळाटाळ सुरू होते.

आयसीयूबाहेरच्या बाकावर १०८ मण्यांची एक माळ पुरे. तर्जनी लावू नका, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडू नका. फोन आला तर घ्या, मग त्याच मण्यापासून पुढे चला. चित्त भरकटलं म्हणून माळ पहिल्यापासून धरायची नाही, त्याने चिडचिडच वाढते.

नवस बोललात तो ऐपतीप्रमाणे फेडा, कर्ज काढून नको. आणि रोज नवा बोलू नका.

आपल्या अहिल्याबाईंचे पती १७५४ मध्ये गेले, सासरे १७६६ मध्ये, मुलगा १७६७ मध्ये. त्यांच्या हुकमांवर 'श्रीशंकर' असे. राज्य शंकराचं मानलं, पण राघोबादादा चालून आले तेव्हा फौजेची तयारी त्यांनीच केली.

आतेसासूबाईंना सांगा, "देवावर सोडते, पण शनिवारी रात्री दवाखान्यात तुम्ही थांबाल का?" हेही सोपवणंच आहे. त्या रात्री फोन दिरांकडे द्या आणि घरी सहा तास झोपा.