एचपीव्हीची लस हॉस्टेलच्या मुलींना मिळते, मेसच्या मावशींच्या मुलीला का नाही?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही 22 वर्षांच्या, कर्वेनगरला हॉस्टेलवर राहता. खोलीतल्या मैत्रिणींनी एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची लस घेतली, तुम्हीही घेणार आहात. पण मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींच्या 19 वर्षांच्या मुलीने या लसीचं नावही ऐकलेलं नाही. हा फरक फक्त पैशांचा आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात एका दवाखान्यात समुपदेशनाचं काम करते. आमच्याकडे दोन्ही प्रकारच्या मुली येतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

पैसा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. आधी बाजारात फक्त परदेशी लसी होत्या. आपल्याच पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला 2022 मध्ये परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये ती बाजारात आली, तेव्हा तिची छापील किंमत एका डोसला 2000 रुपये होती. या विषाणूच्या नऊ प्रकारांवर चालणारी परदेशी लस डोसमागे दहा हजारांच्या घरात जाते. वयाची 15 वर्षं पूर्ण झाली की कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे तीन डोस लागतात. म्हणजे स्वस्तातली लस त्या किमतीने धरली तरी 6 हजार, वर डॉक्टरांची फी आणि तीन वेळा कामावर खाडा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला खाडा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पण एवढंच असतं तर पैसे असलेल्या सगळ्या घरांतल्या मुलींनी लस घेतली असती, आणि तसं दिसत नाही. उलट भिशीचे पैसे उचलून मुलीला घेऊन आलेली आईही मी पाहिली आहे. तिला तिच्या कामाच्या घरातल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं. माझ्या मते खरा फरक इथे आहे: त्या मुलीला हे सांगणारं माणूस तिच्या आयुष्यात कधी येतं?

तुमच्या मैत्रिणींचं पाहा. कुणाचे बालरोगतज्ज्ञ दहाव्या वर्षीच आईला सांगून ठेवतात, कुणाची मावशी डॉक्टर असते, कुणी पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते आणि तिथे विषय निघतो. मावशींच्या मुलीची आरोग्यव्यवस्थेशी गाठ पडते ती आधी बाळ म्हणून, मग अंगणवाडीत आणि शाळेच्या तपासणीत. शाळा सुटली की मधली सगळी वर्षं कोरी. पुन्हा तिचं नाव कागदावर येतं ते गरोदर झाल्यावर, आणि नेमकी गरोदरपणात ही लस देत नाहीत.

पुढचं मला जास्त लागतं. बाळंतपणानंतर तीच मुलगी दीड महिन्याच्या बाळाला डोस द्यायला येते. पुन्हा अडीच महिन्यांनी, साडेतीन महिन्यांनी, नवव्या महिन्यात गोवर-रुबेलासाठी. आई 21 वर्षांची, अंगावर पाजणारी. स्तनपान चालू असताना ही लस घेता येते. ती चार वेळा लसीच्या टेबलापर्यंत येते, बाळाचं कार्ड भरलं जातं आणि ती घरी जाते. तिच्याबद्दल कुणी अक्षर बोलत नाही. यात त्या सिस्टरांचा दोष नाही, त्यांच्या नोंदवहीत आईसाठी रकानाच नसतो. लग्न लवकर होणाऱ्या मुलींचं तर आणखी नुकसान होतं, कारण हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि लस त्याची लागण होण्याआधी घेतली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या दर पाच स्त्रियांपैकी एकीहून अधिक जणींचं लग्न 18 च्या आत झालेलं आढळलं. लसीची ज्यांना सर्वांत लवकर गरज, त्यांच्यापर्यंत ती सर्वांत उशिरा जाते, किंवा जातच नाही.

त्यात भर पडते ती लाजेची. बिनलग्नाची मुलगी बायकांच्या डॉक्टरकडे गेली तर वस्तीत चर्चा होते, म्हणून आयाच नको म्हणतात. ‘लग्नानंतर बघू’, ‘पुढे मूल होईल ना?’ हे मी रोज ऐकते. त्यांना मी एवढंच सांगते: इंजेक्शन दंडावर असतं, आतली कसलीही तपासणी करावी लागत नाही, आधी एचपीव्हीची चाचणीही लागत नाही. मूल होण्यावर परिणाम होत नाही. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसायचं, कारण काही मुलींना चक्कर येते.

अविश्वासाला इतिहासही आहे. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना ही लस एका प्रकल्पात दिली गेली. काही मुलींचे मृत्यू झाले आणि 2010 मध्ये काम थांबलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या, आणि संसदेच्या समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. ते ओढायलाच हवे होते. गरिबाच्या मुलीला विचारायची गरज नाही, असं समजणं हाही याच विषमतेचा भाग आहे.

त्याच वेळी देशात या लसीचा एक वेगळा अभ्यासही चालू होता. पुणे आणि बार्शी ही त्यातली दोन केंद्रं. सरकारी आदेशाने तोही थांबला आणि जवळपास 5 हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर दिसलं की एका डोसनेही विषाणूच्या 16 आणि 18 या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून जवळजवळ दोन-तीन डोसांइतकंच संरक्षण मिळतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के याच दोन प्रकारांमुळे होतात. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयासाठी एक किंवा दोन डोस पुरतात असं सांगितलं, त्यामागे इतर पुराव्यांबरोबर आपल्याकडच्या या मुलीही आहेत. जगभरचा खर्च त्यांच्यामुळे कमी झाला. मग लस त्यांच्या गल्लीत पोचवणं हे आपलं देणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

हे अशक्यही नाही. रवांडाने 2011 मध्ये शाळांतून लस द्यायला सुरुवात केली आणि 90 टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत पोचला. इंग्लंडमध्ये 2008 पासून शाळेत फुकट मिळते, आणि तिथल्या गरीब वस्त्यांतही या कॅन्सरचं प्रमाण खाली आलं. मुलीला दवाखाना शोधावा लागला नाही, लस तिच्या वर्गात आली.

आपल्याकडे 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. सुरुवात लहान मुलींपासून व्हावी हे बरोबरच आहे. पण आज ज्या 18 ते 26 च्या आहेत त्या 14 च्या पुढे निघून गेल्या. त्यांच्यासाठी लसीचं दार वयाने उघडं आहे, खिशाने बंद.

आता मावशींच्या मुलीचं. 19 म्हणजे उशीर झालेला नाही, सर्व्हाव्हॅक 26 व्या वर्षापर्यंत घेता येते. डॉक्टरांना थेट विचारा की जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे तिला किती डोस पुरतील. एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल तर डोस कमी करायचे नाहीत. जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात आणि तुमच्या भागातल्या आशाताईंकडे चौकशी करा. लायन्स, रोटरीसारखे क्लब कधीकधी सवलतीत शिबिरं घेतात, तिथे तिचं नाव घाला. हॉस्टेलच्या मुलींनी वर्गणी काढायचं ठरवलंत तर आधी तिला आणि मावशींना नीट समजावून त्यांचं मत घ्या. निर्णय त्या दोघींचा.

आणि मावशींना विसरू नका. भारतात 2022 मध्ये या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आणि जवळपास 80 हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि त्याच राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के बायकांनी कधीतरी याची तपासणी केलेली होती. मावशी तिशीच्या पुढे असतील तर सरकारी रुग्णालयात व्हिनेगरसारखं ॲसिड लावून पाहण्याची साधी तपासणी होते, काही मिनिटांची. पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, वास येणारं पाणी जात असेल, तर मात्र अंगावर काढू देऊ नका. त्याच आठवड्यात त्यांना घेऊन जा, आणि त्या दिवसाचा खाडा मेसवाल्यांनी कापू नये म्हणून तुम्ही सगळ्या मिळून आधी बोलून ठेवा.