गोपनीयला नवीन आहेस ना, मग एवढं कर

पोलीस ठाण्यात गोपनीयचं, म्हणजे हद्दीतली खबर गोळा करायचं काम मिळालं, अभिनंदन! पण पहिल्या महिन्यातच 'मोठी टिप' शोधत फिरू नकोस. सगळे नवे तिथेच फसतात.

१. आधी माणसं जोड. टपरीवाला, लॉजचा मॅनेजर, कोळीवाड्यातली मावशी. काम नसतानाही चक्कर मार. 26/11 ला अतिरेकी समुद्रातून येऊन मुंबईत बधवार पार्कजवळ उतरले, तेव्हा त्यांना हटकलं ते मच्छीमार नगरमधल्या कोळ्यांनीच.

२. लगेच लिही: कोणी सांगितलं, कधी, स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं. नवखा असताना मी एका खबऱ्याच्या शब्दावर रात्रभर लॉजखाली भिजत उभा होतो. नंतर कळलं, त्याचं लॉजमालकाशी उधारीवरून वाजलं होतं! दुसऱ्याकडून खातरजमा झाल्याशिवाय धावू नकोस.

३. माहिती डायरीत दाबू नकोस, वर पाठव. 2008 च्या हल्ल्याआधी इशारे आले होते. ते हाताळण्यात गोंधळ होता, असं त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने म्हटलं. उलट छोटी नोंदही कामाला येते: 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर वरळीत सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनच्या नोंदणीवरून तपास थेट माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत गेला.

आणि हो, दाढी-टोपी बघून नोंदी करायच्या नाहीत. वस्ती एकदा बिथरली की कोणी तोंड उघडत नाही. मोबाईल टॉवरचा डेटा वगैरे नंतर बघू.