मेसेज आधी कोण करतं?

मैत्रिणी, भाऊ, नवरा, सगळ्यांना आधी मेसेज तुम्हीच करता, मग गरज तुम्हालाच जास्त आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही तसं वाटत. बहुतेक नात्यांत सुरुवातीचं काम कुणाच्या तरी वाट्याला येतं, आणि एकदा आलं की सुटत नाही.

माझ्या माहेरी आईचा मेसेज रोज येतो, विषय ठरलेला: जेवलीस का, पोचलीस का. बाबा स्वतःहून करतात ते कामापुरतं. विजेचं बिल भरलं का, नाहीतर 'हा ओटीपी कशाचा आलाय?' भाऊ न्यू जर्सीत. उन्हाळ्यात तो आमच्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्याची शनिवारची सकाळ मोकळी असते आणि तेव्हा इथे संध्याकाळ, म्हणून सुरुवात तोच करतो. यात कोणाचा जीव जास्त ते शोधून काही हाती लागायचं नाही.

सासरचा प्रकार मात्र बघण्यासारखा आहे. नवऱ्याच्या मावशीचा वाढदिवस, चुलत दिराच्या मुलीचा दहावीचा निकाल, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळे मेसेज माझ्या फोनवरून जातात. 'आम्हा दोघांकडून शुभेच्छा' मधला दुसरा जण तेव्हा सोफ्यावर मॅच बघत असतो! आमच्या लग्नाआधी हे सगळं सासूबाई करायच्या. कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन रोझेन्थाल यांनी १९८५ साली नेमक्या याच कामावर लेख लिहिला होता. नातेवाइकांना धरून ठेवणारं घरात कोणीतरी एक असतं आणि ती बहुतेक वेळा बाईच असते, असं त्यांना दिसलं. तेव्हा पत्रं आणि फोन होते, आता व्हॉट्सॲप आहे. बाकी काही बदललेलं मला तरी दिसत नाही.

आपल्याकडे तर हे पैशावरही ठरायचं. हॉस्टेलवरचा मुलगा मिस्ड कॉल द्यायचा, बाबा उलट फोन लावायचे. सुरुवात कोणाची म्हणायची? दिवाळीला आणि नव्या वर्षाला एसएमएसचे पॅक चालायचे नाहीत, पूर्ण पैसे पडायचे, म्हणून लोक आदल्या दिवशीच शुभेच्छा उरकायचे.

मैत्रीत मात्र तुमची शंका अगदीच फोल नाही. तिथे ना आईपण आडवं येतं ना सासर. पण मी आधी कोणी केला ते बघत नाही, नंतर काय होतं ते बघते. तुमच्या 'काय गं'वर ती पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकते, उलट चार प्रश्न विचारते, तर बिनधास्त तुम्हीच करत राहा. दर वेळी नुसता अंगठा येत असेल तर मात्र काय ते समजा. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यापासून हा हिशेब मांडायची आपल्याला जरा जास्तच सवय लागली आहे, हेही खरं.

आणि 'मी थांबून बघते, कोणी करतं का' हा प्रयोग करू नका. समोरचीला वाटतं तुम्ही कामात आहात, आणि इथे तुम्ही कुढत बसता. सरळ सांगावं. माझ्या कॉलेजच्या एका मैत्रिणीला मी म्हटलं, "पुढच्या वेळी तू कर गं मेसेज." ती म्हणाली, "अगं, तू करतेसच ना, म्हणून मी करत नाही." आता अधूनमधून स्वतःहून करते, बहुतेक वेळा कुणाच्या तरी कुचाळक्या करायला.