विंडोज राहू द्या, आधी फॉन्ट बदला

तुमचा प्रश्न असा: "माझ्याकडे विंडोज १० चा जुना लॅपटॉप आहे. ऑफिसचा परवाना परवडत नाही. मित्र म्हणतो लिबरऑफिस, गिम्प ही लिनक्सची सॉफ्टवेअर, विंडोजवर धड चालत नाहीत. आणि विंडोजवरच राहायचं असेल तर ओपन सोर्सच्या नादी लागण्यात अर्थ नाही. खरं आहे का?"

दोन्ही खरं नाही. अंबाजोगाईत तहसीलच्या रस्त्यावर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, वीस वर्षं होऊन गेली. तिन्ही मशीनवर विंडोज आहे आणि दोन मशीनवर दिवसभर लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारा फुकट संच, उघडं असतं. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, पत्रिकेचा मजकूर, ग्रामसभेचं इतिवृत्त, सगळं त्यातच होतं. कागद हातात पडल्यावर तो कशात टाईप केला हे आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही.

आधी मित्राचा पहिला मुद्दा. ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड सगळ्यांना खुला. तो कोड लिनक्ससाठी, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या खुल्या यंत्रणेसाठी, बांधता येतो, मॅकसाठी येतो, तसाच विंडोजसाठीही येतो, आणि बांधणारे लोक तेच असतात. लिबरऑफिस, गिम्प, इंकस्केप, व्हीएलसी, फायरफॉक्स, ऑडासिटी या सगळ्यांची विंडोजची आवृत्ती त्यांच्याच साईटवर अधिकृतपणे मिळते. नोटपॅड प्लस प्लस तर ओपन सोर्स असून विंडोजसाठीच लिहिलेलं आहे. लिबरऑफिसचं मूळ जर्मनीतल्या स्टारऑफिसमध्ये आहे. सन कंपनीनं ते १९९९ साली विकत घेतलं, २००० साली त्याचा कोड खुला करून ओपनऑफिस सुरू केलं. २०१० साली सन ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बऱ्याच कार्यकर्त्यांनी वेगळं होऊन डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढली, तिचं सॉफ्टवेअर म्हणजे लिबरऑफिस. या सगळ्या प्रवासात ते विंडोजवर होतंच. त्याला लिनक्सचं पाहुणं म्हणणं बरोबर नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो ऐकून माणसं सुरुवातच करत नाहीत. खाली विंडोज बंदिस्त असताना वर मुक्त प्रोग्राम चालवून काय मिळणार? मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प, म्हणजे पूर्ण मुक्त यंत्रणा बनवायचं काम, जाहीर केला. त्यांचा ग्नू ईमॅक्स हा मजकूर लिहायचा संपादक १९८५ साली आला, कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा जीसीसी कंपायलर १९८७ साली. लिनक्सचा गाभा आला १९९१ मध्ये. मधली सगळी वर्षं ही मुक्त साधनं लोक कंपन्यांच्या बंदिस्त युनिक्स मशीनवरच चालवत होते. सगळी यंत्रणा मुक्त होईपर्यंत थांबायचं असं त्यांनी ठरवलं असतं, तर आज लिनक्सही दिसलं नसतं. तुमच्या लॅपटॉपवर लिबरऑफिस बसवणं ही त्याच वाटेवरची गोष्ट आहे.

मी स्वतः विंडोज का सोडत नाही, तेही सांगतो. बोटाचा ठसा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, जुना लेझर प्रिंटर, यांचे ड्रायव्हर मला विंडोजवर विनाकटकट मिळतात. समोर पीकविम्याची रांग लागलेली असताना ड्रायव्हर शोधत बसणं मला शक्य नाही.

पण लिबरऑफिसकडे मी वळलो ते पैशामुळे नाही. आधी माझ्याकडेही बाजारात सगळीकडे असतं तेच होतं: पेनड्राईव्हवर कुणी आणून दिलेलं ऑफिस आणि सोबत ते परवान्याशिवाय चालू करणारा ॲक्टिव्हेटर. तो चालवताना अँटीव्हायरस बंद करा अशी सूचना असायची आणि मी बंद करायचो. एका सकाळी शटर उघडून मशीन चालू केलं, तर प्रत्येक फाईलच्या नावाला अनोळखी शेपूट लागलेलं आणि फोल्डरा-फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी. एका पोरीचा एम.ए.चा लघुप्रबंध अर्धा टाईप झाला होता, तो गेला. पाच पत्रिका गेल्या. पत्रिका परत जुळवल्या. पण त्या पोरीसमोर उभं राहताना माझे शब्द फुटेनात. तीन रात्री बसून तिच्या हस्तलिखितावरून सगळं पुन्हा टाईप केलं. त्या आठवड्यात ठरवलं की चोरीचं एकही सॉफ्टवेअर दुकानात ठेवायचं नाही. तुम्हाला परवाना परवडत नाही म्हणता, तर लोक तुम्हाला हाच पेनड्राईव्ह देतील. घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. मराठी माणसाला अडकवून ठेवणारी बेडी विंडोज नाही, ऑफिसही नाही. ती बेडी जुन्या फॉन्टची आहे.

श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टांत टाईप केलेली फाईल पडद्यावर मराठी दिसते, पण आत मराठी नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरं, अवतरणचिन्हं आणि कंसांची खिचडी उरते. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी कधी नव्हताच. त्यामुळे त्यात नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लागत नाही, मोबाईलवर पाठवली तर वाचता येत नाही. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये ठेवायची समान पद्धत, तीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिलेल्या आहेत. तिथे 'क' हा 'क'च असतो, फॉन्ट कुठलाही लावा.

हे मला नीट कळलं ते एका निवृत्त गुरुजींमुळे. पेनड्राईव्ह आणि मोडकी डोंगल (जिच्याशिवाय जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही ती किल्ली) घेऊन ते दुकानात आले. म्हणाले, "बघ रे बाळा, ह्याच्यात माझ्या मायच्या ओव्या हायेत." आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या त्यांनी आयुष्यभर वहीत उतरवल्या होत्या आणि २००५ च्या सुमारास एका जुन्या फॉन्टात टाईप करून घेतल्या होत्या. नंतर वह्या वाळवीनं खाल्ल्या. डोंगल मेली, तसं ते सॉफ्टवेअर उघडेना. फाईल होती, पण शे-सव्वाशे पानं नुसती खिचडी. गुरुजी चष्मा काढून पडद्याजवळ वाकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

अशा फॉन्टांसाठी लोकांनी रूपांतराची फुकट साधनं बनवून ठेवली आहेत. मजकूर एका चौकटीत टाकायचा, दुसऱ्या चौकटीतून युनिकोड उचलायचा. मी तो उचलून लिबरऑफिसच्या रायटरमध्ये, म्हणजे त्यातल्या वर्डसारख्या भागात, आणला. मराठी दिसायला लागली, पण जखमी. 'सूर्य'चा 'सूयर्' झालेला, कारण रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर बसतो. ऱ्हस्व वेलांट्या अक्षर सोडून रिकाम्या ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेल्या. आणि जिथे तिथे 'दुस-या', 'शेतक-याच्या'. पूर्वी टायपिस्ट अर्ध्या र साठी सरळ आडवी रेघ मारायचे, ती तशीच राहिलेली.

मी कंट्रोल आणि एच दाबून 'शोधा आणि बदला' उघडलं, '-या' च्या जागी 'ऱ्या' घातलं आणि 'सगळे बदला' दाबलं. शेकडो शब्द क्षणात सरळ झाले. मग गुरुजींची नात, माझ्या शेजारी बसून वाचत होती, ती म्हणाली, "काका, हे जत्राऱ्यात्रा काय आहे?" ओवीत 'जत्रा-यात्रा' होतं, तिथली रेघ खरीच रेघ होती. लगेच मागे घेतलं आणि मग एकेक शब्द बघून बदलला. म्हणून सांगतो, रूपांतर केलेल्या फाईलवर 'सगळे बदला' कधी दाबू नका. दोन आठवडे ती पोर रोज शाळा सुटल्यावर यायची. ती मोठ्यानं वाचायची आणि गुरुजी डोळे मिटून चुका सांगायचे. लिबरऑफिसला मराठी शब्दकोशाचं एक्स्टेंशन जोडता येतं, ते मी लावलं होतं. मायच्या कितीतरी शब्दांखाली लाल रेघ यायची. मी बदलू का विचारलं तर गुरुजी म्हणाले, "येऊ दे लाल रेघ. माय असंच म्हणायची." शेवटी मुक्ता फॉन्ट लावून पीडीएफ काढली. तो खुल्या परवान्याचा फॉन्ट आहे, छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

तर तुमच्या लॅपटॉपवर क्रम असा ठेवा की आधी फॉन्ट, मग प्रोग्राम, आणि विंडोजचा विचार सगळ्यात शेवटी. टाईपरायटरच्या कळफलकावर हात बसला असेल तरी घाबरू नका, युनिकोडमध्येही रेमिंग्टन कळफलक मिळतो. नव्यानं शिकत असाल तर इन्स्क्रिप्ट कळफलक शिका. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो आणि लिनक्सवरही तोच चालतो, शिकलेलं वाया जात नाही.

लिबरऑफिस बसवल्यावर एका जागी मराठी माणूस हमखास अडतो. शैलीमध्ये फॉन्ट बदलला, आकार वाढवला, तरी मराठी जशीच्या तशी राहते आणि वाटतं प्रोग्राम बिघडला. त्याचं कारण असं की तिथे रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि आपल्यासारख्या लिप्यांचा वेगळा ठेवलेला असतो. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल) समोर मराठी निवडा. मग रायटरच्या खाली 'बेसिक फॉन्ट्स' नावाची दोन पानं दिसतील, त्यातल्या सीटीएल लिहिलेल्या पानावर तुमचा देवनागरी फॉन्ट आणि आकार ठेवा. एवढं एकदा केलं की रोजचा त्रास संपतो. तुमच्या फाईली वर्ड वापरणाऱ्यांकडे जाणार असतील तर 'लोड/सेव्ह' च्या पानावर कायम वर्डच्या डॉक्स प्रकारात सेव्ह करायला सांगता येतं. स्वतःकडे ठेवायची प्रत मात्र ओडीटी या लिबरऑफिसच्या नेहमीच्या प्रकारात ठेवा. तो प्रकार आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं २००६ साली मान्य केलेला आहे, त्याचा आराखडा जाहीर आहे, आणि तो उघडणं कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर नाही.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. गुंतागुंतीचे तक्ते असलेली सरकारी डॉक्स फाईल उघडली की कधी चौकट सरकते, शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते. एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लिहिलेली मोठी फाईल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये जशीच्या तशी चालेल याची खात्री मी कुणाला देत नाही. छपाईत कोरलड्रॉ या चित्र-मजकूर मांडायच्या प्रोग्रामचं राज्य आहे, आणि त्याच कामाचं खुलं सॉफ्टवेअर म्हणजे इंकस्केप. इंकस्केप कोरलची फाईल उघडतं, पण आतला मजकूर जुन्या फॉन्टात असेल तर पुन्हा तीच खिचडी. मी फ्लेक्सचं काम इंकस्केपमध्ये करतो, अक्षरांचे 'पाथ' (नुसते आकार) करतो आणि पीडीएफ पाठवतो. लातूरचा छापणारा कुरकुर न करता घेतो. ऑफसेटला चार रंगांची फाईल लागते, तिथे स्क्रायबस हा पानं मांडायचा प्रोग्राम वापरतो. पण त्याची १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं तुटायची, त्यामुळे कित्येकांनी ते कायमचं सोडून दिलं. फोटोसाठी गिम्प आहे. पासपोर्ट फोटो, पार्श्वभूमी बदलणं, जुना फोटो साफ करणं एवढं त्यात आरामात होतं.

डाऊनलोड करताना मूळ साईटवरूनच करा. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर किंवा हिरव्या मोठ्या बटणावर जाऊ नका. मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाखाली भलतंच चिकटवून देणारे खूप आहेत. आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये यातल्या काहींना पैसे लागलेले दिसले तर ते फसवणूक आहे असं समजू नका. क्रिटा हा चित्रांचा प्रोग्राम तिथे विकत मिळतो आणि स्वतःच्या साईटवर फुकट. ते पैसे प्रकल्पाच्या कामाला जातात.

राहिला तुमचा विंडोज १०. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार थांबवला. प्रोग्राम चालत राहतील, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या पूर्वीसारख्या आपोआप मिळणार नाहीत. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसेलच असं नाही, कारण त्याला टीपीएम २.० हा मशीनमधला सुरक्षेचा भाग लागतो. विंडोज ७ वाल्यांना तर लिबरऑफिसच्या २५.८ पासून नवी आवृत्ती बसवताच येत नाही. तेव्हा कधीतरी तुम्हाला लिनक्सचा पेनड्राईव्ह लावावा लागेल. तो नुसता लावून, काही न पुसता, चालवून बघता येतो. त्यात बहुतेक तेच लिबरऑफिस असेल, तीच तुमची ओडीटी फाईल उघडेल.

गुरुजींच्या नातीनं पुढं तेच केलं. आजोबांच्या ओव्यांची फाईल तिनं कॉलेजच्या लिनक्स मशीनवर उघडली आणि मला फोटो पाठवला. पहिल्या पानावरच्या सगळ्या वेलांट्या जागच्या जागी होत्या.